राबाउलला उतरण्याआधी: सहप्रवाशांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

परवा सकाळी आपली क्रूझ पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर राबाउलला लागेल. जानेवारी 1942 मध्ये जपानने हे बंदर घेतलं आणि इथे लाखभर सैन्य आणून ठेवलं. 18 एप्रिल 1943 ला जपानी आरमारी ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल यामामोतो यांनी शेवटचं उड्डाण केलं ते इथूनच. त्यांचा बंकर आपण पाहणार आहोत.

बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू बोटींच्या) बोगद्यासाठी प्रत्येकाने टॉर्च आणावा, मोबाइलचा उजेड पुरत नाही. विमानांपासून लपवलेल्या बार्ज आत अजून एकामागे एक उभ्या आहेत. त्यांचा पत्रा गंजून कडेने धारदार झालाय, हात लावू नका. काडतूस, बटण, काहीही उचलू नका. न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

तावुरवुर ज्वालामुखीची राख सगळीकडे आहे. 1994 च्या उद्रेकात अर्धंअधिक गाव तिच्याखाली गेलं. बंद बूट, पूर्ण बाह्या, डासांचं मलम हवंच. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता माझी कळकळीची विनंती. वेळ कमी पडला तर बाजार सोडू, पण बिटा पाकाची युद्ध दफनभूमी सोडायची नाही. सिंगापूर पडल्यावर कैद झालेले कितीतरी भारतीय जवान जपान्यांनी मजुरीसाठी इकडे आणले. त्यातले अनेक परतलेच नाहीत. हिरवळीवर जमिनीलगत ब्राँझच्या छोट्या पाट्या आहेत, नाव वाचायला वाकावं लागतं. तिथे दहा मिनिटं शांत थांबू. फुलं बोटीवरून नेऊ नका, तिथल्याच बायकांकडून घेऊ.