'अर्जदार मयत असल्याने': मा. मंत्रिमहोदयांस खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या वडिलांच्या दहाव्याचे विधी उरकून आम्ही नदीवरून घरी परतलो, तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेले एक सरकारी पाकीट जमिनीवर पडले होते. आत एकच ओळ होती: 'अर्जदार मयत असल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' गावातल्या मुलांच्या मैदानासाठी आणि अभ्यासिकेसाठी त्यांच्या नावाने दोन वर्षांत केलेल्या अकरा अर्जांना मिळालेले हे पहिले लेखी उत्तर. अर्जदार हयात असताना ज्या कार्यालयाला त्याची फाइल सापडत नव्हती, त्या कार्यालयाने त्याच्या मृत्यूची नोंद इतक्या तातडीने घेतली, याबद्दल आधी आभार मानते आणि मग मुख्य विषयाकडे येते.

माझे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणत असे, 1967 साली एकोणिसाव्या वर्षी भरती झाले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले आणि 1971 च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत होते. त्या लढाईविषयी ते फारसे बोलत नसत. शत्रूची तुकडी वेढा फोडून बाहेर पडू पाहत होती आणि ती मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली, त्या रात्रीविषयी तर कधीच नाही. एक गोष्ट मात्र ते हमखास सांगत. आपल्या ब्रिगेडियरने शरण येण्यासाठी चिठ्ठी धाडली, तेव्हा समोरच्या कर्नलने त्याच दिवशी उत्तर लिहिले, सोबत बंदुकीची एक गोळी पाठवली आणि पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी, असे सुनावले. "शत्रू होता, पण पत्राला उत्तर द्यायची रीत त्याला ठाऊक होती," असे आबा म्हणत. गेल्या दोन वर्षांत ही गोष्ट ते वारंवार सांगू लागले होते. ती कोणाला उद्देशून असे, हे आपल्या लक्षात आले असेलच.

1985 साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढची चौदा वर्षे त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी केली, दिवसा घेवडा आणि ज्वारी केली, आणि दरवर्षी आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली की खांद्यावर एक पेटी घेऊन ते लोणंदच्या तळावर जात. पलटणीत पायांची निगा राखायला शिकवतात. ती विद्या आबांनी वारकऱ्यांच्या पायांसाठी वापरली. कोमट मिठाचे पाणी, स्वच्छ फडके, फोड न फोडता बांधायची पट्टी. गळ्यात तुळशीची माळ असलेला हा माणूस तळावर कीर्तन रंगले तरी उठत नसे, कारण समोर कोणा म्हातारीची टाच हातात असे. त्यांची भक्ती मला कळली ती तिथे. देवळात ते फार वेळ बसलेले मी पाहिले नाहीत.

कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने 2016 ची पहिली वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा जिंकली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एकोणसत्तर वर्षांचे असताना, आबांनी आमच्या माळावर चर खणायला पहिली कुदळ घातली. खंदक कसा खणायचा हे आम्हाला शिकवावे लागत नाही, असे म्हणून ते तरुणांना चिडवत. माजी सैनिकांना घरपट्टी माफ झाली, तेव्हाही ते ती भरत राहिले. ग्रामपंचायतीचा दिवा कशावर पेटणार, हा त्यांचा प्रश्न होता.

आता आपल्याविषयी. दोन वर्षांपूर्वी 16 डिसेंबरला, विजय दिवसाच्या कार्यक्रमात, आपल्या हस्ते आबांना शाल व श्रीफळ देण्यात आले. त्याच व्यासपीठावर त्यांनी आपल्या जमिनीपैकी वीस गुंठे भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या मैदानासाठी आणि अभ्यासिकेसाठी देत असल्याचे सांगितले. आपण माइक हाती घेऊन सहा महिन्यांत काम पूर्ण करण्याचा शब्द दिला. टाळ्या झाल्या, महिन्याभरात बक्षीसपत्र झाले, नारळ फुटला, आपल्या नावाची कोनशिला बसली. त्यानंतर तिथे बसलेली दुसरी वस्तू म्हणजे कोनशिलेवर दुपारी बसणारी शेळी. मुले अजूनही पहाटे चार वाजता अंधारात सातारा-पंढरपूर रस्त्याच्या कडेने धावतात, आणि मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर आपला अभ्यास घेईल की काय, या धास्तीने त्यांचा वेग वाढत असल्यास त्याचे श्रेय शासनाला जाते.

त्या अकरा अर्जांपैकी शेवटचे सात मी हाताने नेऊन दिले. आबांच्या खुब्याचे हाड मोडल्यावर त्यांना फिरता येईना, म्हणून मी हायस्कूलमधल्या माझ्या किरकोळ रजा संपवल्या आणि मग बिनपगारी घेतल्या. कोणत्या टेबलावर कोणाची बदली झाली, कोणाची मीटिंग आहे, कोणाचा शिक्का घरी राहिला, हे मला त्या कार्यालयातल्या शिपायापेक्षा अधिक पाठ झाले. एका साहेबांनी मला 'मैदान तुमच्या वडिलांना हवे आहे का?' असे विचारले, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या, खुबा मोडलेल्या माणसाला धावण्यासाठी मैदान लागेल काय, हे मी त्यांना विचारले नाही, याची खंत वाटते. शेवटच्या फेरीच्या दिवशी मी त्या कार्यालयातल्या बाकावर सकाळी साडेदहापासून बसले होते. तीन वाजता भावाचा फोन आला आणि मी तिथेच रडले. आबा गेले, ही बातमी आपल्या कार्यालयाला कळली ती अशी, माझ्या तोंडून. त्यांच्या उशाशी असायला हवे होते त्या वेळी मी त्यांच्या अर्जाच्या उशाशी होते.

शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा सांगतो. माझ्या हिशेबाने आमची फाइल नऊ-दहा टेबले फिरली, म्हणजे फार तर सत्तर दिवस. लागले सातशेच्या वर. चूकभूल द्यावी घ्यावी, कारण फाइल पाहायला मागितली तेव्हा ती दाखवली गेली नाही. मी मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात गेलेली वस्तू दुसऱ्या दिवशी बाहेर येते, एवढा फरक मला ठाऊक आहे.

ही एका कार्यालयाची गोष्ट असती तर मी जाहीर पत्र लिहिले नसते. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यात उघडली. भाषणात ही दोन्ही नावे घेतल्याशिवाय आपल्यापैकी कोणी खाली बसत नाही. आमच्या गावातून सव्वाशे जण फौजेत गेले, कोणी दीडशे सांगतात. मोजायला कोण आले आहे? 2022 पासून मुलांना चार वर्षांसाठी अग्निवीर करून त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवायचे आहे. ते धोरण बरोबर की चूक हे मोठ्यांनी ठरवले, आम्हाला विचारले नाही. पण बाकीचे पंच्याहत्तर टक्के गावी परततील तेव्हा त्यांना बसून दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास करायला चार भिंती लागतील, एवढे एका निवृत्त हवालदाराला कळले होते. म्हणूनच त्याने मैदानासोबत अभ्यासिका मागितली होती. आपल्याला तिरडीवर तिरंगा असेल तरच सैनिक दिसतो. तो म्हातारा होऊन अर्ज घेऊन आला की अर्जदार होतो, आणि मेला की प्रकरण.

आबांनी स्वतःसाठी काहीही मागितले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मरणाने मागणी संपलेली नाही. बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडावे, मैदानाचा आणि अभ्यासिकेचा मंजूर आराखडा लेखी कळवावा, आणि बक्षीसपत्राप्रमाणे जमीन वापरात येणार नसेल तर तसेही लेखी कळवावे. हा बारावा अर्ज समजावा. बक्षीसपत्राची प्रत सोबत जोडली आहे, तीही बारावी. यापुढे अर्जदार म्हणून माझे नाव घालावे. माझे वय पन्नास आहे आणि प्रकृती ठीक आहे, त्यामुळे मागच्या वेळचे कारण आपल्याला इतक्यात वापरता येणार नाही.

आपली,
एका माजी सैनिकाची थोरली मुलगी
जि. सातारा