रावपुऱ्यातल्या एजन्सीवाल्या काकांस

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे आता मला ठाऊक आहे. ज्यांनी कधीकाळी तुमच्याकडून मोटारसायकल घेतली ते दोन ओळींत ओळखतील. गाडीच्या कंपनीचंही नाव लिहीत नाही, कारण मग हायवेकडचं ते शोरूम कोणतं हे अख्ख्या बडोद्याला कळेल, आणि मला भांडण उकरून काढायचं नाही. म्हणजे काढायचं आहे, पण आज नको. काल दसरा झाला. गाडीला झेंडूची माळ घातली, हँडलला हळदकुंकू लावलं, आणि मागे वळून पाहिलं तर आई पदर तोंडाला लावून उभी. म्हणून आजच लिहायला बसले.

गोकुळाष्टमीला पाऊस धरला तो थांबेचना. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा भागातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या खिडक्या दिसेनाशा झाल्या. आम्ही वरच्या मजल्यावरच्या पटेलकाकूंकडे दोन रात्री काढल्या. खाली कुठेतरी मगर दिसली म्हणे, म्हणून मुलांना जिन्यातसुद्धा सोडत नव्हते. फ्रिज, गादी, आईचं शिलाई मशीन, सगळं गेलं. त्याचं मला तितकं काही वाटलं नाही. पाणी ओसरल्यावर पार्किंगमध्ये बाबांची गाडी दिसली. भिंतीला कललेली, आरशांपर्यंत चिखल, आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकत होतं.

बाबांनी ती १९९९ च्या दसऱ्याला तुमच्याकडून घेतली. बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. कमाटीबागेच्या बाजूच्या रस्त्यावर याच गाडीवर त्यांनी मला क्लच सोडायला शिकवला. 'हळू, हळू, दोरी सोडतेस तशी,' म्हणायचे. भाऊ पुण्याला आहे, त्याने फोनवर 'भंगारात दे, मी तुला स्कूटर घेऊन देतो' सांगून टाकलं. तो प्रेमानेच म्हणाला, पण मी रोज शाळेत याच गाडीवर जाते हे त्याला कधी खरं वाटलेलंच नाही.

शोरूमचं थोडक्यात सांगते. टेम्पोत घालून गाडी तिथे नेली तर बाहेर रस्त्यापर्यंत बुडालेल्या गाड्यांची रांग. त्यांचीही दैना होती, ते मान्य. पण सोळा दिवस! रोज फोन केला की एक मुलगी गोड आवाजात माझा जॉबकार्ड नंबर विचारायची आणि नंतर गाणं लावून ठेवायची. सोळाव्या दिवशी एस्टिमेट आलं, ३१,४०० रुपये. विमा थर्ड पार्टीचा, म्हणजे सगळं पदरचं. काय काय खराब झालंय विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बेन, एंजिनच आखुं गयुं. आ तो भंगारमां जशे." म्हणजे अख्खं इंजिनच गेलं, ही भंगारातच जाणार. आणि त्याच दमात नव्या मॉडेलचा कागद पुढे सरकवला. हप्ता किती, एक्स्चेंज किती, पाच वर्षांचा विमा किती, सगळं त्याला पाठ होतं. इंजिन उघडून पाहिलंत का, असं विचारलं तेव्हा तो आत गेला, बाहेर आला, आणि म्हणाला की किक मारून पाहिली, उठत नाही.

गाडी परत टेम्पोत चढवताना मागच्या मडगार्डवर तुमच्या एजन्सीचा स्टिकर दिसला. अर्धा खरवडलेला. खाली सहा आकडी लँडलाइन नंबर. अनंत चतुर्दशीची रात्र, गल्लीत ढोल चाललेले, आणि मी स्वयंपाकघरात बसून त्या नंबरापुढे २ लावून फोन फिरवला. असेच उद्योग करायची वेळ आली होती. तुम्ही तिसऱ्या रिंगला उचललात.

मी नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, पुराचं सांगायला लागले. तुम्ही मध्येच म्हणालात, "किक मारलीस का?"

"मी नाही, त्यांनी मारली."

बराच वेळ तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालात, "बरं. आण सकाळी. आता कुणाला हात लावू देऊ नकोस."

सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, हे मला दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून कळलं. म्हणजे पहिल्या वाक्यातच तुम्ही तो प्रश्न का विचारलात तेही कळलं. आमचं नशीब, रॉड सरळ होता.

तुमचं जुनं शोरूम मला आठवत होतं ते काचेचं, आत तीन गाड्या, भिंतीवर सयाजीरावांची तसबीर आणि खाली पाण्याचा माठ. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. तुम्ही मागच्या गोदामात, तुमचे एक म्हातारे मिस्त्री, आणि फळ्यांवर पत्र्याच्या डब्यांत वर्गवारीने ठेवलेले पार्ट. ऑइल सोडलं तेव्हा खाली ट्रेमध्ये दुधाळ चहा ओतावा तसं काहीतरी पडलं. मिस्त्रींनी बोट बुडवून चोळून पाहिलं आणि मान हलवली. ती मान 'हो' म्हणून हलली की 'नाही' म्हणून, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. बाकी काय काय केलंत ते लिहीत नाही. मला कळलं त्याच्या निम्मंही लिहिता येणार नाही.

मॅग्नेटची कॉइल उन्हात वाळत होती तेवढा वेळ तुम्ही बोललात. मी विचारलं म्हणून, नाहीतर बोलला नसता. एजन्सी का सोडलीत?

मला वाटलं होतं तुम्ही कोरोना म्हणाल. सगळे तेच म्हणतात. तुम्ही सुरुवात केलीत फरशीपासून. कंपनीला ठरावीक रंगाची फरशी हवी, ठरावीक काच, ठरावीक दिवे, मेन रोडवर एवढा फ्रंट, आणि तो खर्च तुमचा. मग महिनाअखेरीला ढकललेला माल. विकला गेला नाही तरी उचलायचा, आणि बँकेचं व्याज तुमच्या डोक्यावर. मग तीन किलोमीटरवर त्याच कंपनीचं दुसरं शोरूम, कारण त्यांचं टार्गेट पुरं व्हायला हवं. २०१७ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाचा बीएस-३ चा, म्हणजे धुराच्या जुन्या नियमाप्रमाणे बनलेल्या गाड्यांचा निकाल आला, १ एप्रिलपासून त्यांची विक्री बंद, आणि दोन दिवसांत लोक डिस्काउंटसाठी तुमच्या दारात तुटून पडले. ते तुम्ही हसत सांगितलंत. त्यापुढच्या नियमाच्या, बीएस-४ गाड्यांचं सांगताना हसला नाहीत. त्या विकायची ३१ मार्च २०२० ही शेवटची तारीख, आणि २४ च्या रात्री देश बंद. गोदामात उभ्या असलेल्या गाड्या कुणाला विकणार?

मी नंतर पाहिलं, २०१८-१९ मध्ये देशात दोन कोटींहून जास्त दुचाक्या विकल्या गेल्या होत्या, २०२१-२२ मध्ये तो आकडा एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास आला. या आकड्यांच्या मधल्या खड्ड्यात तुमच्यासारखे किती जण गेले असतील. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातून गाशा गुंडाळला तेव्हा केवढ्या बातम्या झाल्या. रावपुऱ्यातल्या एजन्सीने शटर ओढलं त्याची बातमी कोण देणार! तुमच्याकडे कामाला असलेल्या पाच पोरांपैकी एक हालोलच्या कारखान्यात आहे, एक खाण्याची पार्सलं पोचवतो, तेही तुम्हीच दिलेल्या गाडीवर. बाकीच्यांचं तुम्ही सांगितलं नाहीत.

जुन्या एजन्सीवाल्यांना उगाच देव करत नाही हं मी. राजदूत-येझदीच्या नि चेतकच्या काळात नंबर लावून वर्षं काढावी लागायची, आणि वरचे पैसे दिले की नंबर पुढे सरकायचा, हे बाबाच सांगायचे. तुम्हाला मी ते तोंडावर विचारलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "वडिलांच्या वेळेला झालं असेल. आमच्या वेळेला गिऱ्हाइकालाच नंबर लागायचे." म्हणजे नाही म्हणाला नाहीत. मला ते बरं वाटलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र.

गाडी घरी आणली, आईने ओवाळली, मी कागद ठेवायला साइड पॅनेल उघडलं. आत हत्यारांच्या पिशवीशेजारी बाबांचं फडकं होतं. धुतलेलं, वाळलेलं, चौघडी घातलेलं.

ते फडकं म्हणजे बाबांच्या निळ्या चौकडीच्या शर्टाची बाही. कोपर फाटल्यावर त्यांनी ती कापली, आणि कफाचं बटणही काढून टाकलं, टाकीवर ओरखडा नको म्हणून. रोज सकाळी आधी सीट, मग टाकी, मग दिवा, मग आरसे. शेवटी आरशात बघून मिशी. पुरानंतर मी स्वतः पॅनेल उघडलं होतं तेव्हा तिथे चिखलाचा एक गोळा होता. त्यात काय आहे हे मलासुद्धा ओळखू आलं नव्हतं काका. पोटच्या मुलीला. शोरूमने तर सोळा दिवसांत तो गोळा बघितलाही नसेल, आणि बघितला असता तर टाकून दिला असता, त्यात त्यांना दोष देता येणार नाही. कुणीही टाकला असता.

तुम्ही तो भिजत घातलात. पावडर लावून धुतलात. गोदामात तुम्ही जुनी क्लचवायर ताणून बांधली आहे, तिच्यावर तुमची काळी फडकी वाळत असतात. तिथे एक निळं दिसलं होतं मला, पण माझं लक्ष इंजिनाकडे. ऑइलचे डाग गेलेले नाहीत, पण चौकडी दिसते. कफाची शिवण दिसते.

मी लगेच फोन केला. काय बोलावं सुचेना, म्हणून नुसतं "काका, फडकं" म्हटलं.

"हां. ते गाडीतलंच होतं ना?" तुम्ही म्हणालात. "कुणीतरी जपून ठेवलेलं असतं. आपण कसं टाकायचं?"

आणि मग लगेच, पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायला ये, विसरू नकोस, म्हणून फोन ठेवलात.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुरात आपल्याला कोणकोण उपयोगी पडलं ते आठवत बसले. पटेलकाकूंनी आम्ही तिघी-चौघी असताना स्वतः खाटेवर न झोपता आईला झोपवलं. मागच्या चाळीतली पोरं कमरेएवढ्या पाण्यातून प्लास्टिकच्या टबात दुधाच्या पिशव्या घालून घरोघर फिरली, आणि पैसे विचारले तर लाजली. आमच्या शाळेतल्या शिपायाने स्वतःचं घर बुडालेलं असताना आधी शाळेची हजेरीपुस्तकं माळ्यावर चढवली. या कुणालाच आपण काही केलं असं वाटत नाही. तुम्हालाही नाही. मला याचं फार आश्चर्य वाटतं. कारण मी स्वतः कुणासाठी काही केलं की चार जणांना सांगते, हे पत्रही त्यातलंच समजा.

शोरूममधल्या त्या मुलाचाही मला आता तितका राग येत नाही. त्याला महिन्याला अमुक गाड्या विकायच्या, विमे विकायचे, आणि फीडबॅकला दहापैकी दहा आणायचे. गाडी परत घेतली त्या दिवशीच मला मेसेज आला होता, तुमचा अनुभव कसा वाटला म्हणून. त्याने फडकं धुवावं असं त्याच्या जॉबकार्डावर कुठे लिहिलेलं नसतं. बडोद्याला १९९९ मध्ये ज्याच्याकडून गाडी घेतली तो माणूस २०२४ मध्ये त्याच नंबरावर फोन उचलतो, हे त्याला सांगितलं तर तो हसेल. त्याच्या शोरूममधला मॅनेजर या वर्षात दोनदा बदलला.

बिलाचं राहिलं. तुम्ही जुन्या बिलबुकातलं पान फाडून, एजन्सीच्या नावावर एक आडवी रेघ मारून, खाली लिहिलंत ४,१५०. पार्ट वेगळे, मिस्त्रींची मजुरी वेगळी, काढलेले जुने पार्ट पिशवीत बांधून सोबत. एक रुपया कमी केला नाहीत, आणि मला ते आवडलं. फुकट केलं असतंत तर पुन्हा यायला लाज वाटली असती. फडक्याचे मात्र तुम्ही लावले नाहीत, तेव्हा त्याचे मी माझ्या पद्धतीने देते आहे. आईने चिवडा केलाय, स्टीलच्या मोठ्या डब्यात. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो असं तुमच्या मनात येईल, तर मिस्त्रींनी त्यात मला दोन जुने प्लग घालून द्यावेत, बाबा एक जास्तीचा नेहमी ठेवायचे.

आज सकाळी मीटर पाहिला, ४३० झालेत. म्हणजे पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर येते. आधी फोन करीन. तेवढा तो लँडलाइन काढून टाकू नका.

आपली,
समा भागातली, निळ्या फडक्यावाली