चुकलेली खेळी न पुसणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आले असते. परंतु तुम्ही आमच्या शाळेतील मुलांसाठी जे केलेत, ते बुद्धिबळ शिकवणाऱ्या इतरांच्याही वाचनात यावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. तुम्हाला रुचणार नाही हे ठाऊक असल्याने नाव तेवढे घेतलेले नाही.

सांगली जिल्ह्याला बुद्धिबळ नवे नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी इथे स्पर्धांची परंपरा रुजवली. तालुक्याच्या शाळेपर्यंत मात्र ती पट आणि सोंगट्यांच्या रूपानेच पोहोचते. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतर आमच्याकडे मुलींची संख्या वाढली आणि त्यांचे प्रश्नही वाढले. कॅरो-कान या काळ्याच्या सुरुवातीत पांढऱ्याने प्यादे पुढे रेटले तर काय करायचे, समोरची मुलगी नेहमी काय खेळते, तिचे जुने डाव कुठे पाहायला मिळतील, या प्रश्नांना माझ्यासारख्या गणिताच्या शिक्षिकेकडे उत्तर नव्हते.

तुमच्याआधी आम्ही शहरातील एका प्रशिक्षण वर्गाचे दार ठोठावले होते. शुल्क भरल्यावर झेरॉक्स पानांचा एक गठ्ठा मिळाला, ज्याच्या प्रत्येक पानावर वर्गाचा शिक्का होता आणि जो कोणालाही दाखवणार नाही असे हमीपत्र पालकांकडून लिहून घेतले होते. त्या गठ्ठ्यात 1924 च्या न्यूयॉर्क स्पर्धेतील तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर या डावाचा, हत्ती आणि प्यादी उरलेला शेवटचा टप्पा होता. दोन प्यादी सोडून राजाला पुढे नेण्याची ती करामत शंभर वर्षे साऱ्या जगाने गिरवली आहे; तिच्यावर शिक्का मारण्याचा अधिकार त्या वर्गाला कोणी दिला, हे कापाब्लांकालाच विचारावे लागेल.

डावांचा तुटवडा आज कोणालाच नाही, हे तुम्हीच प्रथम समजावून सांगितलेत. मार्क क्राउदर 1994 पासून जगभरच्या स्पर्धांतील डाव आठवड्याला गोळा करून विनामूल्य देत आले आहेत, आणि देणग्यांवर चालणारे, जाहिराती नसलेले लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ तर तिथे खेळले गेलेले डाव महिन्यामहिन्याच्या फायली करून कोणालाही उतरवून घेऊ देते. पण सातवीतल्या मुलीपुढे लाखो डाव ओतणे म्हणजे तिला समुद्र दाखवून तहान भागव म्हणण्यासारखे आहे. तुम्ही त्यांतून निवडक डाव काढलेत, सुरुवातींनुसार लावलेत, प्रत्येक वळणाशी सोप्या मराठीत टिपा लिहिल्यात आणि लिचेसच्या ‘स्टडी’त, म्हणजे अनेकांना मिळून वापरता येणाऱ्या डावांच्या वहीत, ते सारे आमच्या हाती ठेवलेत. एका स्टडीत 64 प्रकरणे मावतात. तुमची पहिली केव्हाच भरली.

तरीही माझे आभार मुख्यतः त्या संग्रहासाठी नाहीत. स्टडीत सदस्याला नुसते पाहण्याची मुभा देता येते किंवा त्यात भर घालण्याचीही. तुम्ही मुलांना दुसरी दिलीत. त्याच आठवड्यात आमच्या एका मुलीने कॅरो-कानच्या प्रकरणात, काळ्याचा उंट एफ5 या घरावर आल्यावर पांढऱ्याने एच4 खेळले असता, काळ्याची ई6 ही प्याद्याची खेळी स्वतःच्या नावाने नोंदवली. ती खेळी काळ्याला बुडवते. पांढऱ्याच्या जी4 या प्याद्याच्या खेळीने उंट हाकलला जातो, तो ई4 वर जातो, एफ3 ने पुन्हा हाकलला जातो, जी6 वर येतो आणि एच5 होताच त्याला पळायला घर उरत नाही. ती ओळ पुसून टाकणे तुम्हाला एका क्षणाचे काम होते. तुम्ही ती ठेवलीत, तिच्यापुढे उंट मरेपर्यंतच्या खेळ्या मांडल्यात आणि खाली लिहिलेत, ‘ही खेळी कोणालाही सुचेल, म्हणूनच ती इथे असायला हवी. नोंदवल्याबद्दल धन्यवाद.’ त्या टिपेत ‘चूक’ हा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात उभी राहून तो सापळा इतरांना शिकवत होती.

इतकी साधी सभ्यता इतकी दुर्मीळ का असावी, हे मला कळत नाही. ज्ञान आहे म्हणून माणसे मोठी होतात आणि मोठी झाली की ते कडीकुलपात घालतात, हे आपल्याकडे गाण्यापासून वैद्यकीपर्यंत चालत आले आहे. याउलट 2010 साली सोफियात टोपालोवविरुद्ध जगज्जेतेपद राखल्यानंतर विश्वनाथन आनंदने कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन या अव्वल खेळाडूंनी तयारीत मदत केल्याचे मोकळेपणाने सांगितले होते. जगज्जेत्याला दुसऱ्याची वही लागते, तर आमच्या मुलांना ती लागण्यात कमीपणा कसला?

शेजारच्या तालुक्यातील मुलांनाही त्याच स्टडीत घ्यावे, असे तुम्ही सुचवलेत तेव्हा पालक अस्वस्थ झाले होते. आपलेच डाव उद्याच्या प्रतिस्पर्ध्याला कशाला दाखवायचे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मी त्यांना तुमचेच उत्तर दिले, की तेही आपले डाव दाखवणार आहेत. आता स्पर्धा संपली की दोन्हीकडची मुले स्कोअरशीट घेऊन एकत्र बसतात, हरलेला डावही नोंदवतात आणि ‘इथे घोडा हलवायला हवा होता’ यावर जेवणाची सुट्टी घालवतात.

शेवटी एक विनंती. इटालियन या सुरुवातीच्या प्रकरणात तुमच्या एका टिपेखाली मुलींनी हरकत नोंदवली आहे आणि तिच्यापुढे त्यांच्या मते बरोबर असलेल्या खेळ्याही लिहिल्या आहेत. सवड होईल तेव्हा पाहावे. त्या उत्तराची वाट पाहत आहेत आणि सहजासहजी माघार घेतील असे दिसत नाही.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका