ब्राम्सची दोन गाणी गाळायची म्हणे

प्रिय मंजू,

मी बरी आहे, आईचा गुडघा तसाच. आता मुद्द्याचं, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणारच नाही. आपल्या गाण्याच्या ग्रुपने जर्मन संगीतकार ब्राम्सचा ओपस ११२, म्हणजे तो सहा गाण्यांचा संच, घेतलाय! आणि काल रिहर्सलला ठरलं की पहिली दोन गाळायची, नुसती शेवटची चार जिप्सी गाणी करायची. का, तर लोकांना रडकं नको.

अगं, रात्रभर डोक्यात तेच. ‘नेख्टन्स’, ते दुसरं, गाळायचं? ते पाच मात्रांचं गाणं, पाय टेकायला जागाच नाही, रात्री भुतं जागी होतात, फुलांवर हिमकण पडून सगळी बाग जाते, सकाळ उजाडते ती अश्रूंवर. आठवतं ना, तू त्याला धी ना धी धी ना मोजायचीस आणि टेनरवाले, ते उंच आवाजाचे पुरुष, पोट धरून हसायचे, पण शेवटी त्यांनाही तसंच मोजून जमलं.

तू तेव्हा भांडली होतीस, की दोन त्या जर्मन कवी कुग्लरच्या कविता आणि चार हंगेरियन, ही सरळ खिचडी आहे, १८९१ला छापायचं म्हणून एकत्र बांधलंय. मला ते आजही पटत नाही. ब्राम्स १८९०मध्ये म्हणतो आता बास, लिहिणं थांबवतो, आणि लगेच पुढचा ओपस हा! पहिल्या गाण्यात, ‘झेनझुख्ट’मध्ये, पाणी रात्रंदिवस वाहतंय, ओढ काही झोपत नाही, आणि मग पाचव्यात तोच माणूस म्हणतो, वाटेवर खाजकुयली आहे, गावात हेवा करणारे आहेत, जळा, नावं ठेवा, माझी सखी मरेपर्यंत माझी राहिली की झालं. ती मस्ती त्या रात्रीतून गेल्याशिवाय येईल का सांग? नुसती चार गायली तर छान ठेक्याची गाणी होतील, टाळ्याही पडतील, पण एवढ्या जोरात ‘जळा’ म्हणायला आधी काहीतरी गमवावं लागतं गं.

सरांना हे बोलले तर म्हणाले, वेळ नाही. दोन्ही गाणी छोटी आहेत!

तुझं नवीन घर कसंय, पिल्लू शाळेत रमलं का, ते सविस्तर लिही.

आणि तुझ्या जुन्या प्रतीत आल्टोच्या, बायकांच्या खालच्या आवाजाच्या, ओळीवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा आहेत ना, ‘नेख्टन्स’च्या पानांचे फोटो गुरुवारच्या आत पाठव. मी चौघांना घरी बोलावलंय, आधी गाऊन दाखवते, मग सरांशी बोलते.

तुझी,
वैशू