विद्यापीठाचा हिशेब हापूसच्या कलमाखालीही मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी विद्यापीठांवरचा खर्च वसूल होतो का, हा विषय निघाला की आधी पदवीधराचा पगार विचारतात. कोकणात त्याचं उत्तर ठरलेलं असतं: शिकला आणि मुंबईला गेला. १९७२ साली दापोलीत सुरू झालेल्या कृषी विद्यापीठाचा हिशेब मात्र हापूसच्या कलमाखाली बसून मांडावा लागेल.

हापूस वर्षाआड धरतो. तो दरवर्षी धरावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ आवरणारं औषध किती आणि कसं द्यायचं, हे या विद्यापीठाने बसवून दिलं. बागेत सगळे त्याला कल्टारच म्हणतात. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्हीकडून मोजायचा, सरासरी काढायची आणि मीटरला ३ मिली धरायचं. आठ मीटर विस्ताराच्या कलमाला २४ मिली झालं. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि फांद्यांच्या घेराची कड यांच्या मधोमध गोल आखून, १० ते १२ सेंटिमीटर खोलीच्या २५-३० खड्ड्यांत सारखं वाटून ओतायचं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी तण काढायचं आणि पावसाची जोराची सर असेल तर थांबायचं.

बिघडतं ते मापात. विस्तार नजरेने ठरवतात, औषध टोपणाने मोजतात, वर 'जरा जास्तच असू दे' म्हणून सगळं बुंध्याशी ओततात. मग फुटवे आखूड होतात, मोहोर गच्च गुच्छासारखा येतो, आणि औषध मातीत टिकून राहत असल्याने चूक पुढच्या हंगामातही दिसते. बाग एक-दोन वर्षांच्या कराराने घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. झाड मालकाचं असतं. शिवाय दरवर्षी फळ घेतलेल्या झाडाला खतही वाढवून द्यावं लागतं, ते बहुतेक जण विसरतात. औषध विकणारा 'कमी घाला' असं कशाला सांगेल? ते सांगायला विक्रीवर पोट नसलेला माणूस लागतो, आणि तो आपल्या करातून पोसला जातो. हे माप कोणत्याही बागायतदाराला फुकट मिळतं, त्याच्या घरात कुणी पदवीधर असो वा नसो.

काजूचंही तेच. याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या वेंगुर्ला-७ या वाणाची बी साधारण १० ग्रॅमची, म्हणजे किलोला शंभरेक बिया. गावठी बिया किलोत कितीतरी जास्त बसतात. वेचणारणीची कंबर आणि फोडणारणीचे हात यांना हा फरक आधी कळतो.

हा झाला बागेतला हिशेब. आता शिकायला जाणाऱ्या मुलीचा. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर यातून वगळलेलीच आहेत.

शिष्यवृत्तीचे पैसे अडतात ते बहुधा बँकेपाशी. अर्जात आपण कोणतंही खातं लिहिलं तरी रक्कम आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जाते. ते खातं शाळेत असताना उघडून बंद पडलेलं असलं तर पैसे परत जातात आणि मुलगी कॉलेजच्या खिडकीपाशी उभी राहते. म्हणून अर्जाच्या आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारून घ्यावं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर जुना धरला जातो, तेव्हा नवा एप्रिल-मेमध्येच काढावा. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते. दाखला, आधार आणि गुणपत्रिका, तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.

आपला,
एक वाचक, दापोली तालुका