अस्तरवाल्या काकांना जाहीर पत्र

ती. काका,
सा. नमस्कार.

गेल्या श्रावणात तुम्ही मला मशीनवरच्या भरतकामात कापडामागे आधाराला लावतात तो पेपर विकायला नकार दिलात, त्याबद्दल आभार. हे चारचौघांत लिहितेय, कारण दुकानात आभार मानले की तुम्ही ‘सुट्टे आहेत का?’ म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता.

मंडळाच्या २४ टी-शर्टांवर मशीनने ‘मोरया’ भरून द्यायचं होतं. पहिला शर्ट मशीनवर झकास दिसत होता. कापड ताणून धरणारी रिंग काढली आणि ‘मो’भोवती अशा चुण्या पडल्या की उन्हात वाळलेला पापड बरा. मी मशीनला दोष दिला, मग धाग्याला. शेवटी तुमच्याकडे येऊन म्हणाले, ‘‘काका, मागे लावायला जाडातला जाड पेपर द्या.’’

‘‘कापड कुठाय?’’

कापड बघितल्याशिवाय पेपर नाही म्हणालात. भर पावसात घरी जाऊन शर्ट आणला. (वाटेत मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही.) तुम्ही तो उभा ओढलात, आडवा ओढलात. ‘‘ही होजिअरी, आडवी ताणली जाते. तू रिंगमध्ये ढोलकी मढवलीस. रिंग सुटली की कापड मूळ मापावर येणार, टाके थोडेच येणार?’’

मग फाडून काढायचा पेपर बाजूला ठेवलात आणि कापायचा दिलात. भरून झालं की कडेकडेने कापायचा, उरलेला मागे कायम राहतो आणि धुण्यातही अक्षर धरून ठेवतो. रिंगमध्ये फक्त पेपर कसायचा. शर्ट त्यावर न ओढता, नुसता चिकटवायचा. सुई ११ नंबरचीच, पण बॉलपॉइंट. तिचं टोक गोलसर, त्यामुळे ती धागा न तोडता फटीतून वाट काढते. माझ्या टोकदार सुईने पहिल्या शर्टाला बारीक भोकं पाडली होती, ती मला तुमच्या हातात दिसली.

उरलेले २३ सरळ आले.

सुती ब्लाउजपीस आधी पाण्यात भिजवून खळ काढ, वाळव, इस्त्री कर, भर आणि मगच बेत, हे मात्र आळसापोटी कानाआड केलं. न भिजवता जाऊबाईंच्या ब्लाउजच्या पाठीवर मोर भरला. पहिल्या धुण्यात कापड आटलं, पॉलिस्टरचा धागा काही आटला नाही, आणि मोर गुबगुबीत झाला. जाऊबाई अजून तो ब्लाउज घालतात, मुद्दाम, मी समोर असले की.

सोबत एक टॉवेल पाठवतेय. भरताना वरून पाण्यात विरघळणारा पेपर घातला होता, म्हणून टाके टॉवेलच्या लवेत बुडालेले नाहीत. शेवटच्या अक्षराशी एक बारीक चुणी आहे. तुम्हाला दिसेलच.

तुमची,
पेपरवाली