कारण विचारले, माहिती लिहिली

संपादक महोदय,

दहावीच्या सराव उत्तरपत्रिकांत एक दोष जवळपास सगळ्याच विषयांत आढळतो. प्रश्न कारण विचारतो, विद्यार्थी माहिती लिहितो. तांब्याच्या भांड्यांना कल्हई का करतात? ‘भांडी खराब होऊ नयेत म्हणून’ हे शास्त्रीय कारण नव्हे. दमट हवेतील कार्बन डायऑक्साइडशी तांब्याची अभिक्रिया होऊन हिरवट कॉपर कार्बोनेटचा थर बसतो, आंबट पदार्थांत तांबे उतरते, त्यातून विषबाधा होऊ शकते. कल्हई म्हणजे कथिलाचा लेप; तो हवेशी आणि अन्नाशी तांब्याचा संपर्कच तोडतो. यातली एक कडी गळली तरी उत्तर लंगडे पडते. भूगोलात ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस कमी, एवढ्याने भागत नाही. समुद्रावरून येणारे वारे, उच्चभूमीचा अडथळा, पर्जन्यछाया (अडथळ्यापलीकडचा कमी पावसाचा भाग) हा क्रम हवा. इतिहासाच्या ‘सकारण स्पष्ट करा’ला तर नुसती सनावळी येते, कारण गाइडमधले उत्तर सलग पाठ केलेले असते.

शिक्षकांना कळकळीची विनंती: केवळ गुण कापू नका. जिथे कारण सुटले तिथे समासात ‘का?’ एवढेच लिहा आणि तेवढीच दोन-तीन वाक्ये त्याच तासाला, पुस्तक मिटून, पुन्हा लिहून घ्या.

– एक माध्यमिक शिक्षिका, सातारा